आबांची वीत

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये वाघमोडे आबा राहतात. त्यांच्या घरी मोजायच्या तीन टेपा आहेत आणि त्यातल्या एकीनंही आजवर काही मोजलेलं नाही. पहिली पोलादी टेप बाल्कनीत खिळ्याला लटकते. वाळत घातलेला टॉवेल खालच्या मजल्याच्या पत्र्यावर पडला की वाघमोडे काकू ती टेप लांबवतात आणि तिच्या टोकाच्या आकड्यानं टॉवेल वर ओढून घेतात. दुसरी कापडाची आहे, तिनं ज्वारीच्या पोत्याचं तोंड बांधलंय. तिसरी टेप नाहीच, भिंतीवर लाल ठिपका टाकून अंतर सांगणारं यंत्र आहे. त्या ठिपक्यामागं जिन्यातलं मांजर धावतं, एवढाच त्याचा उपयोग. तिन्ही जावयानं मोठ्या हौसेनं आणलेल्या. आबा प्रत्येक वेळी "झ्याक हाय" म्हणाले आणि कामाला लागले.

कारण आबा वितीनं मोजतात.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या इमारतीत, हॉल, स्वयंपाकघर आणि कपाटाएवढी एक झोपायची खोली अशा फ्लॅटमध्ये हा माणूस सुतारकाम करतो. टेबलं, खुर्च्या, मांडण्या, चौरंग, देव्हारे, सगळं. आणि हे सगळं उजव्या हाताच्या भरवशावर. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत एक वीत, आणि उरलं तर बोटं. खुर्ची दोन वीत उंच. टेबल तीन वीत चार बोटं. बाजारातून दुधी भोपळा आणताना आबा त्यावरही हात पसरतात आणि दीड वितीच्या पुढचा भोपळा जून असतो म्हणून परत टाकतात. भाजीवाली त्यांना लांबून येताना पाहिलं की मोठे भोपळे मागं सरकवते.

बरं, हा माणूस अडाणी असता तर गोष्ट वेगळी. आबांची अख्खी नोकरी सरकारी मोजणीत गेली. माळशिरसकडची कितीतरी शेतं त्यांनी साखळी ओढून मोजली. असा माणूस टेपेला शिवत नाही म्हटल्यावर मी एकदा विचारलंच. आबांनी रंधा बाजूला ठेवला.

"साखळी घिऊन गेलो की बांधावर दोन भाऊ हुबे असायचे. मोजून झालं की दोघंबी म्हणायचे, साखळी खोटी हाय. मग कुऱ्हाडी निघायच्या. वितीवरनं कुणाचं डोस्कं फुटल्यालं ऐकलंय तुमी?"

मी ऐकलेलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या शिंप्याचं मात्र थोडक्यात वाचलं. आबांनी त्याला पायजम्याचं माप सांगितलं, साडेचार वीत. शिंपी बिचारा आज्ञाधारक. त्यानं स्वतःच्या हातानं साडेचार वीत मोजून कापड कापलं. पायजमा घोट्याच्या बराच वर राहिला. आबा तो पायजमा घालूनच दुकानात गेले, गिऱ्हाइकांसमोर शिंप्याचा हात धरून आपल्या हाताला लावला आणि म्हणाले, तुझा हात चुकलाय. शिंपी म्हणाला, आबा, हात देवानं दिलाय, तो कसा चुकेल? आबा म्हणाले, मग देव चुकला असंल, माझी वीत चुकत न्हाय.

यापुढं एक वाक्य ठरलेलं असे. "ज्या दिशी ही वीत चुकंल, त्या दिशी करवत माळ्यावर." हे त्यांनी मला सांगितलंय, माझ्या बायकोला सांगितलंय, गॅसची टाकी घेऊन येणाऱ्याला सांगितलंय आणि एकदा मतदानाची चिठ्ठी वाटायला आलेल्या माणसालाही थांबवून सांगितलंय.

त्यांच्या घरात शिरायचं म्हणजे अंग चोरून शिरावं लागतं. दारामागं फळ्या, पलंगाखाली फळ्या, फ्रीजच्या डोक्यावर खुर्चीचे पाय. पलंगाची गादी सकाळी गुंडाळली की पलंगाचं सुतारी बाक होतं आणि रात्री झटकलं की पुन्हा पलंग. काकूंनी पोहे दिले तर आधी फुंकर मारायची. भुसा उडाला तर तो लाकडाचा, नाही उडाला तर खोबरं. लाकूड पूर्व भागातल्या विणकरांच्या घरचं. जुना हातमाग मोडीत निघाला की आबांना निरोप येतो आणि आबा ते सागवान सायकलला बांधून आणतात. नव्या लाकडावर त्यांचा विश्वास नाही. "मागाचं लाकूड जल्मभर हललंय," म्हणतात, "आता गप बसंल."

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ सुरुवातीला आवाजाची तक्रार घेऊन आले होते. आबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातात एक स्टूल ठेवलं. तेव्हापासून दुपारी जेवणानंतर, गल्ली झोपून उठेपर्यंत, करवत बंद असते आणि तक्रारही बंद आहे. कुणी स्टुलाचं कौतुक केलं की आबांना स्वर्ग दोन बोटं उरतो.

काकूंबद्दल सांगायचं म्हणजे त्या अगदी लहानखुऱ्या. आबांच्या खांद्याला त्यांचं डोकं लागत नाही. मी सहा फुटी माणूस, मला त्यांच्याशी बोलताना वाकावं लागतं. त्यांची जागा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, जमिनीवर, घडी घातलेल्या चादरीवर. घरात इतक्या खुर्च्या, पण एक प्रसंग सोडला तर काकू कधी खुर्चीवर दिसल्या नाहीत. बसा म्हटलं की एकच उत्तर, "मला खालीच बरं वाटतं." लेकीचे सासू-सासरे पहिल्यांदा आले तेव्हा मी तिथं होतो. पाहुण्यांच्या आग्रहाखातर काकू खुर्चीवर बसल्या. त्यांचे पाय जमिनीला पुरेनात. त्यांनी ते एकात एक अडकवले, वरून लुगडं सारखं केलं आणि पाहुणे जाईपर्यंत अवघडून बसून राहिल्या. अलीकडं त्यांचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून बजावलंय. तरी काकू खालीच. उठताना चौकट धरून "आई गं" म्हणतात, तेवढंच.

तर यंदा लेकीनं, रेखानं, जुळे सोलापुरात नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांत ठरली. आबांनी जाहीर केलं की जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या माझ्या हातच्या. जावई म्हणाला, बाबा, एवढा त्रास कशाला, दुकानात मिळतं. आबा त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

टेबल झालं, दोन खुर्च्या झाल्या. इतक्या सुरेख की माझी बायको त्यांच्यावरून हात फिरवून आली आणि घरातल्या आमच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांकडं बघून मला टाकून बोलली. मग आबा उरलेल्या दोन खुर्च्यांचं लाकूड आणायला गेले आणि येताना गतिरोधकावर सायकल आडवी झाली. लाकडाला काही झालं नाही हे त्यांनी आधी सांगितलं. उजवं मनगट मोडलं हे काकूंना आमच्याकडून कळलं.

प्लॅस्टर निघालं तेव्हा बोटं ताठ झाली होती. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. चेंडू दाबत बसणं आबांना पोरखेळ वाटला. काकू म्हणाल्या, मग पीठ मळा. तेव्हा काही दिवस वाघमोड्यांकडं भाकरीचं पीठ आबा मळायचे आणि भाकरी थापताना काकू हसायच्या. हळूहळू हात चालू लागला. करवत धरता येऊ लागली, रंधा मारता येऊ लागला. हात कसा आहे विचारलं की म्हणायचे, "हाय तसाच हाय की." आणि एक दिवस उरलेल्या दोन खुर्च्याही झाल्या.

मला बघायला बोलावलं. चारही खुर्च्या वेगवेगळ्या भिंतींना लावलेल्या. का, तर जागा नाही. दोन नव्या खुर्च्यांवर काकूंनी चादरीच्या जाड घड्या घातलेल्या. मी एका नव्या खुर्चीवर बसलो आणि माझे गुडघे वर आले. चादरीची घडी असूनही वर आले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात उंबऱ्यावरून काकूंनी मान हलवली. अगदी थोडी. मी म्हणालो, वा.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. नजर उतरली हे ज्याची उतरते त्याला सगळ्यात शेवटी कळतं. गिऱ्हाईक येऊन सांगतं, हल्ली पेपरवाले शाई पातळ वापरतात. त्याला तोंडावर खोडून काढायचं नसतं. त्यामुळं काय झालंय ते मला लगेच कळलं. आबांचा अंगठा आता पूर्ण ताणला जात नव्हता. वीत आखडली होती. खुर्ची आबांच्या हिशेबानं दोन वीतच होती, फक्त ती वीत पूर्वीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकू वाटीत शेंगाची चटणी घेऊन आमच्या दारात आल्या. चटणी माझ्या बायकोच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, "त्यास्नी सांगू नका. एकदा करवत माळ्यावर गेली की ती खाली यायची न्हाय. मग ह्या माणसानं दिवसभर करायचं काय? नुसतं छताकडं बघत बसतील."

पुढं त्यांनीच युक्ती काढली. खुर्चीच्या पायांना रबरी बूट मिळतात ना, ते जाड बघून आणा. मी आणले. आबा दाढी करायला बाहेर गेल्यावर आम्ही दोघांनी ते दोन्ही खुर्च्यांना चढवले. उंची जवळपास जमली, पण त्या सुरेख खुर्च्या आता गमबूट घालून चिखलात निघाल्यासारख्या दिसत होत्या. काकू म्हणाल्या, ध्यानात यायचं न्हाय. मी म्हणालो, नाही यायचं. आम्ही दोघंही खोटं बोलत होतो.

आबा आले, पायातली चप्पल काढली आणि काढता काढता थांबले.

"ह्या दोघीस्नीच का चपला?"

काकू म्हणाल्या, फरशीवर चरे पडतात म्हणून. आबांनी बूट उपसले. एक जुनी खुर्ची आणि एक नवी खुर्ची शेजारी ठेवली. बराच वेळ बघितलं. मग नव्या खुर्चीच्या पायावर हात पसरला. एक वीत, दोन वीत, बरोबर. जुनीवर पसरला. दोन वीत आणि वर तीन बोटं. आबा म्हणाले, जुन्या खुर्च्या फुगल्यात. आम्ही हसलो असतो तर बरं झालं असतं, असं मला नंतर वाटलं.

मग त्यांनी दोन्ही हात नमस्काराला जोडतात तसे जोडले. करंगळ्या जुळवल्या आणि बोटं फाकवली. डावा अंगठा लांब गेला. उजवा जाईना. त्यांनी जोर लावला, चेहरा लाल झाला, तरी जाईना. ते हात तसेच धरून उभे राहिले आणि मला त्यांच्याकडं बघवेना.

मी म्हणालो, आबा, डाव्या हाताची वीत पूर्वीचीच आहे, डाव्यानं मोजा. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यात चप्पल ठेवलीय. लेकीची वास्तू, आणि तिचं माप डाव्या हातानं घ्यायचं? डावा हात माणसाला कशाला दिलाय हे मला माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. त्यांनी करवत पुसली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली, कारण माळ्यापर्यंत हात पोचणारा मीच. शब्दाचा पक्का माणूस. मी करवत माळ्यावर ठेवली.

पुढचे काही दिवस वाईट गेले. आबा सकाळी पेपर वाचायचे, तोच पेपर दुपारी पुन्हा वाचायचे. पलंगाची गादी दिवसाही अंथरलेली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारून गेले. पोह्यांत नुसतं खोबरं. रेखानं फोनवर विचारलं की दुकानातून खुर्च्या आणू का, तर आबा म्हणाले, आण. हे ऐकून काकू घाबरल्या. पण त्या आमच्याकडं धावत आल्या त्या भोपळ्यामुळं.

"आज भोपळा आणला," काकू म्हणाल्या, "न मोजता."

भोपळा जून निघाला होता. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं.

वास्तुशांत तोंडावर आली तशी आबांनी मला हाक मारली. करवत काढून द्या म्हणाले. मला वाटलं, सुटलो. तर तसं नव्हतं. त्या दोन बुटक्या खुर्च्या कापून बंबात घालायच्या होत्या. लेकीच्या घरी लहानमोठं द्यायचं नाही आणि आपल्या घरी डोळ्यांसमोर ठेवायचं नाही. मी म्हटलं, राहू द्या हो. ते म्हणाले, तुमी फकस्त धरा. एक खुर्ची हॉलमध्ये होती. दुसरी दिसेना. आबा स्वयंपाकघरात गेले, मागोमाग मी.

काकू त्या खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या. चादरीची घडी खाली जमिनीवर तशीच पडलेली. आबांनी त्यांना उठायला सांगितलं.

"का?"

"मोडायचीय."

"मग ती दुसरी मोडा," काकू मेथीवरची नजर न काढता म्हणाल्या. "हिच्यात माजे पाय टेकत्यात."

आबांनी खाली बघितलं. मीही बघितलं. काकूंचे दोन्ही पाय फरशीवर सपाट टेकलेले होते. जोडवी घातलेली बोटं आरामात पसरलेली. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं ऐसपैस बसलेलं पाहिलं नव्हतं.

"आन् त्या मोठ्या खुर्च्यांत?" आबांनी विचारलं.

"त्यात न्हाईत टेकत."

"कवाच?"

"कवाच कसं टेकतील? त्या तुमच्या वितीच्या."

आबांचा आवाज बारीक झाला. "मग बोलली का न्हाईस?"

काकूंनी मेथीची काडी मोडली. "तुमी एवढ्या हौसेनं करता," त्या म्हणाल्या. "आन् पायाचं काय, खाली बसलं की टेकत्यातच की."

आबांनी करवत भिंतीला टेकवून ठेवली. मग काकूंच्या समोर, त्याच चादरीच्या घडीवर, खाली बसले. गुडघे मोडायला त्यांनाही त्रास झाला. त्यांनी तो आखडलेला उजवा हात फरशीपासून काकूंच्या पायाला लावला. घोट्यावरून वर, पोटरीवरून वर, गुडघ्याच्या वळणापर्यंत. काकू पाय ओढून घ्यायला लागल्या, अहो, माणसं बघत्यात, म्हणाल्या. माणसं म्हणजे मी. मी मेथीकडं बघितलं.

"दोन वीत," आबा म्हणाले. मग पुन्हा मोजलं. "बरोब्बर दोन वीत. वीत चुकली न्हाय." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं आणि उपरण्यानं भुसा पुसल्यासारखे डोळे पुसले. त्या दिवशी घरात भुसा नव्हता.

करवत पुन्हा माळ्यावर ठेवायची वेळ आली नाही. रेखा उंचीनं आईवर गेलीय. आबांनी नव्या वितीनं आणखी एक खुर्ची केली आणि लेकीच्या टेबलाला दोन उंच नि दोन बुटक्या खुर्च्या गेल्या. वास्तुशांतीला कुणीतरी विचारलंच, खुर्च्या अशा लहानमोठ्या का? आबा म्हणाले, घरातली माणसं सारखी हायत का? जावई उंच खुर्चीवर बसला होता. त्यानं आबांना पिशवीतून काहीतरी काढून दिलं. ही चौथी टेप. ती सध्या काकूंकडं दोडक्याचा वेल बांधायला आहे.

आता काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्चीवर बसतात. आबांना ही नवी वीत इतकी आवडली की त्यांनी घरातल्या जुन्या खुर्च्यांचे पायही त्या मापाला कापून टाकले. सगळं घर काकूंच्या उंचीचं झालंय. कालच मी गेलो होतो. काकू बसा म्हणाल्या. मी खुर्च्यांकडं बघितलं, माझ्या पायांकडं बघितलं. एवढ्या हौसेनं केलेलं, त्यात कशाला खोड काढायची? मी जमिनीवर मांडी घातली.

"असू द्या," मी म्हणालो. "मला खालीच बरं वाटतं."

आबांचा रंधा थांबला. त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं, मग काकूंकडं, मग उठून माझ्यासमोर येऊन बसले आणि हात पसरला.

"हे मी लई वर्सं ऐकलंय," ते म्हणाले. "पाय म्होरं करा."

मी पाय पुढं केला.